प्रेसमड आमच्या उसाची आहे, गॅस करा पण खत आमच्या रानात परत द्या

माननीय चेअरमन साहेब, व्हाईस चेअरमन साहेब आणि समस्त संचालक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठची. तीन एकर ऊस आहे, त्यातला दीड एकर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला, आणि सासऱ्यांच्या मागं कारखान्याचा शेअर माझ्या नावावर झाला त्याला आता नऊ वर्षं झाली. हे पत्र मी एका कारखान्याला लिहीत नाहीये, राज्यात जेवढे सहकारी साखर कारखाने आहेत त्या सगळ्यांच्या संचालकांना लिहितेय, कारण माझ्या माहेरचा कारखाना वेगळा, बहिणीच्या सासरचा वेगळा, लेक दिली तिकडचा वेगळा, पण चारही ठिकाणी बोलणं निघालं की गोष्ट एकच ऐकू येते. सर्वसाधारण सभेत बोलावं म्हटलं तर माईक बायकांच्या रांगेपर्यंत येत नाही, विषय वाचला की पुढनं मंजूर मंजूर होतं आणि माणसं जेवणाच्या मांडवाकडं चालायला लागतात. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

विषय प्रेसमडचा आहे. आमच्याकडं तिला मळी म्हणायची सवय आहे पण कागदोपत्री मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरणारा काकवीसारखा घट्ट पाक, म्हणून गोंधळ नको, मी प्रेसमडच लिहिते. उसाचा रस गाळून स्वच्छ केला की मागं जो चिखल उरतो ती. त्यात बगॅसचा, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडांचा, बारीक भुस्सा असतो, मेण असतं, चुना असतो, थोडी साखर, थोडी आमच्या रानाची माती, आणि साधारण सत्तर टक्के पाणी.

मागच्या मार्चमध्ये रानात टाकायला प्रेसमडची ट्रॉली सांगायला म्हणून सकाळी साडेसहालाच कारखान्यावर गेले होते. यार्डाच्या मागच्या बाजूला प्रेसमडचा ढीग होता, दोन मजली घराएवढा, आणि त्याच्यातनं वाफा निघत होत्या, थंडीत म्हशीच्या अंगातनं निघतात तशा. पायानं वरचा काळा सुकलेला पापुद्रा फोडला तर आतली ओली, तपकिरी, आंबूस वासाची, आणि हात घातला तर चटका बसेल इतकी गरम. तिथला एक कामगार म्हणाला, वहिनी लांब उभ्या राहा, कधीकधी आपोआप धुमसते ती. मी घरी येऊन मुलाला विचारलं की ही गरम का होते, तो शेतकी कॉलेजला आहे, त्यानं सांगितलं की आतले जीवजंतू तिला खातायत आणि त्यांच्या खाण्यानं ती तापते, म्हणजे ज्याचा गॅस व्हायचा तेच असं उघड्यावर उडून जातंय. तेव्हापासनं तो ढीग डोळ्यासमोरनं हलत नाही.

आणि वाईट याचं वाटलं की एवढा ढीग असून मला ट्रॉली मिळाली नाही. दोन वर्षं झाली मिळत नाही. गट ऑफिसला नाव लिहिलं, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला सांगितलं, शेती अधिकाऱ्यांना भेटले, उत्तर एकच, कोटा संपला. नंतर तीच प्रेसमड बाहेरच्या व्यापाऱ्याच्या गाडीतनं द्राक्षबागांकडं जाताना मी रस्त्यावर बघितली. द्राक्षवाल्या भावांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनाही खत लागतंच. पण ज्याच्या उसातनं ती निघाली त्याचा नंबर पहिला असायला नको का? कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण एकाला बोट दाखवून हे सुटणारं नाही.

आता हिशेब सांगते, वहीवर मांडलेला. शंभर टन ऊस गाळला की तीन ते चार टन प्रेसमड निघते. रोज ५००० टन गाळणारा कारखाना धरा, साडेतीन टक्क्यानं रोज १७५ टन झाली. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबलेला बायोगॅस, निघतो असं हे काम करणारे सांगतात. म्हणजे रोज सात टन गॅस. हंगाम १२० दिवस चालला तर ८४० टन. केंद्र सरकारनं १ ऑक्टोबर २०१८ ला सतत नावाची योजना काढली तेव्हा तेल कंपन्यांनी हा गॅस किलोला ४६ रुपये अधिक जीएसटी या दरानं घ्यायचं ठरवलं होतं. तोच जुना दर धरला तरी हे ३ कोटी ८६ लाख होतात. यातनं वीज, पगार, कर्जाचा हप्ता, सगळं वजा जायचंय, हे मला कळतं, पण ढिगातनं वाफ होऊन जाण्यापेक्षा तर बरं. आणि हा एका कारखान्याचा हिशेब झाला. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात तेरा कोटी टनांच्या वर ऊस गाळला गेला, तेव्हा किती प्रेसमड निघाली असेल तुम्हीच बघा.

यात नवीन असं काही नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ज्यांच्याकडं डिस्टिलरी, म्हणजे मोलॅसिसपासून अल्कोहोल करायचा प्लॅंट, आहे त्यांच्यातल्या कितीतरी ठिकाणी स्पेंटवॉशपासून, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या सांडपाण्यापासून, गॅस करून तो बॉयलरला जाळायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. आणि त्याच्याही मागं जायचं तर आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी ग्रामलक्ष्मी नावाचा तरंगत्या टोपणाचा गोबरगॅस केला, पुढं खादी ग्रामोद्योग आयोगानं तोच गावोगाव नेला. तो आमच्या परड्यातपण आला.

त्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण मला जे कळतं ते तिथनंच कळलंय. १९८७ साली सासऱ्यांनी घरामागं टाकी बांधली. विहिरीसारखी गोल, वर लोखंडाचं टोपण. टोपण वर आलं की गॅस भरला, खाली बसलं की संपला, मीटर बघायची गरज नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतनं नजर टाकली की पुरे. सकाळी एक घमेलं शेण, तेवढंच पाणी, हातानं कालवायचं, त्यातल्या काड्या, गवताच्या गाठी, वैरणीचे दांडे वेचून बाहेर टाकायचे आणि मग टाकीत सोडायचं. सासूबाई म्हणायच्या, टाकीलापण पोट असतंय, रोज तेवढंच आणि त्याच वेळेला घाल. ज्योत निळी, भांड्याला काजळी नाही, आणि धूर नसल्यामुळं माझे डोळे वाचले, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. माझ्या आईचे चुलीपुढं गेले.

चार वर्षांपूर्वी मुलगा सुट्टीला आला आणि म्हणाला, शेण कशाला, पालापाचोळ्याचापण गॅस होतो. खरंय ते. त्यानं काय केलं, सडके टोमॅटो, भाजीचा पाला, तण आणि पोतंभर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कोयत्यानं तोडून एका दिवसात टाकीत घातलं. पहिले दोन दिवस टोपण एकदम वर, आम्ही सगळे खुश. तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळी फडफडायला लागली, पाचव्या दिवशी पेटेचना. टाकीला आंबलेल्या ताकासारखा वास, वर पाचटाची जाड साय धरलेली, टोपण एका अंगाला कललेलं. मग कळलं की टाकीत दोन जातीचे जंतू असतात, एक आधी सगळं आंबवतात आणि दुसरे त्या आंबटाचा गॅस करतात. पहिले भराभर वाढतात, दुसरे सावकाश. एकदम गोडधोड मऊ खायला घातलं की आंबट इतकं होतं की दुसरे मरायला लागतात. आम्ही आठ दिवस घालायचं बंद केलं, चुन्याची निवळी सोडली, शेजाऱ्यांच्या चालू टाकीतला काला बादल्या भरून आणून ओतला, आणि बावीस दिवसांनी ज्योत परत निळी झाली. त्या बावीस दिवसांत मी चुलीवर होते.

नंतर त्यानंच रीत बसवली. पाचट कुट्टी मशिनमधनं बोटाच्या पेराएवढं बारीक करायचं, शेणाच्या पाण्यात आठ-दहा दिवस भिजत ठेवायचं, आणि मग रोजच्या शेणाच्या चौथाईपेक्षा जास्त घालायचं नाही. त्यानं चालतं. पाचटातला जो कडक लाकडासारखा भाग असतो तो गॅस देत नाही, तसाच बाहेर येतो, पण बाकीचं पचतं.

हे एवढं लांबण लावलं कारण चेअरमन साहेब, मोठा प्लॅंट म्हणजे हेच पोट आहे, फक्त लाखो लिटरचं. त्याला प्रेसमड आज दोनशे टन आणि उद्या शून्य असं चालत नाही. आणि आपला हंगाम चालतो चार महिने, कधी त्याच्याहून कमी. मग बाकीचे आठ महिने काय घालणार? प्रकल्प अहवाल घेऊन जे येतात त्यांना हा प्रश्न पहिल्यांदा विचारा. प्रेसमड साठवून ठेवू असं म्हणाले तर विचारा कशी, कारण उघड्यावर ठेवली तर दोन-तीन महिन्यांत तिच्यातला दम जातो, मी हातानं चटका घेऊन बघितलंय. मुरघास करतो तशी दाबून, हवा काढून, झाकून ठेवली तर टिकते, पण त्याला जागा, प्लॅस्टिक, मशिन आणि शिस्त लागते. शिवाय आपल्याकडं बहुतेक ठिकाणी रस साफ करायला गंधकाचा धूर देतात, ते गंधक प्रेसमडमधनं गॅसमध्ये उतरतं आणि सडक्या अंड्याचा वास येणारा विषारी वायू तयार होतो, जो लोखंड खातो आणि माणूसपण मारतो. तो काढून टाकायची यंत्रणा स्वस्तात आटपू नका. कच्च्या गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास असतो, गाडीत भरायला तो नव्वदच्या वर न्यावा लागतो, खरा खर्च तिथं आहे. आणि हात जोडून सांगते, टाकी साफ करायला कुणाही कंत्राटी पोराला तपासणी न करता, दोर आणि मास्क न देता आत उतरवू नका. गटारात, मैल्याच्या टाकीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर दोन महिन्यांनी वाचतो, गॅस तोच असतो.

बाकीच्या आठ महिन्यांसाठी शेतातला काडीकचरा आहे. आमच्या भागात हळदीचा पाला, मक्याची धाटं, सोयाबीनचा भुसा, बाजार समितीतला भाजीपाला. खानदेशात केळीची खोडं आहेत, घड काढला की अख्खं खोड बांधावर पडतं, पाण्यानं भरलेलं आणि पचायला मऊ. विदर्भात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आहे पण ती लाकडासारखी, ती टाकीत घालण्यापेक्षा तिच्या कांड्या करून जाळलेल्या बऱ्या, प्रत्येक कचऱ्याचा गॅसच केला पाहिजे असं काही नाही. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागा इथं ऑक्टोबर २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर चालणारा प्लॅंट सुरू झाला, रोज ३३ टन गॅसची क्षमता, वर्षाला लाखभर टन पेंढा. तिथं अडचण गॅस करायची कमी आणि पेंढा गोळा करायची जास्त आहे, भात निघाल्यावर गहू पेरायच्या आत थोड्या दिवसांत हजारो एकरांतला पेंढा गाठी बांधून उचलायचा आणि वर्षभर पावसापासनं जपायचा. सतत योजनेत २०२३-२४ पर्यंत देशात ५००० प्लॅंट करायचे ठरले होते आणि तोवर शंभरीच्या आसपासच उभे राहिले, त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं, की टाकी कुणीही बांधेल, कचरा रोज वेळेवर आणणार कोण.

आणि इथंच तुम्ही सगळ्या देशाच्या पुढं आहात. प्रत्येक सभासदाचा गट नंबर, लागणीची तारीख, तोडीची तारीख, रस्ता कुठनं आहे, ओढा कुठं आडवा येतो, हे तुमच्या शेती विभागाच्या रजिस्टरला आहे. टोळ्या तुमच्या, मुकादम तुमचे, ट्रॅक्टर तुमच्या करारावर, वजनकाटा तुमचा. पंजाबातल्या प्लॅंटला जे शून्यातनं उभं करावं लागलं ते सहकारी कारखान्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच उभं केलंय. कोपरगावला सहकार महर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यावर ५ ऑक्टोबर २०२५ ला असा वेगवेगळ्या कच्च्या मालावर चालणारा सहकारातला देशातला पहिला प्लॅंट सुरू झाला, रोज १२ टन गॅसचा. तो वर्षभर कसा चालतो ते बाकीच्या संचालकांनी जाऊन, बसून, रजिस्टर उघडून बघावं. फोटो काढून परत येऊ नये एवढंच म्हणणं आहे.

पाचटाबद्दल मात्र मला तुम्हाला आधीच थांबवायचंय. परवा एका गावातल्या मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले की एका हेक्टरला आठ-दहा टन पाचट निघतं, ते सगळं प्लॅंटला द्या, तुमचं रान स्वच्छ होईल आणि पैसे मिळतील. ऐकायला बरं वाटतं. पण आम्हाला गेली पंधरा-वीस वर्षं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं, कृषी सहायकांनी, सगळ्यांनी मिळून सांगितलंय की पाचट जाळू नका, सरीत कुजवा. त्यात अर्धा टक्का नत्र, पाऊण-एक टक्का पालाश आणि तीस-चाळीस टक्के सेंद्रिय कर्ब असतो. मी सहा वर्षं खोडव्याला पाचट ठेवतेय, एप्रिलमध्ये सरीत हात घातला तर ओल लागते, एक पाणी वाचतं, गांडुळं दिसतात. ते मी पैशासाठी देणार नाही आणि इतरांनीही देऊ नये असं मला वाटतं. जो शेतकरी आजही काडी लावतो त्याचं घ्या. आमच्याकडं फेब्रुवारीत संध्याकाळी बांधाबांधावर जाळ दिसतो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या पाकळ्या येऊन पडतात, हात लावला की रेघ उमटते. ते पाचट नक्की न्या. जे रानात कुजतंय ते नका नेऊ.

तसंच गॅससाठी म्हणून वेगळं पीक घ्यायचं खूळ काढू नका. हत्तीगवत लावा म्हणून एजंट फिरतायत. पडीक, चिबड जमिनीत कुणाला लावायचं असेल तर लावू दे. पण जर्मनीत काय झालं ते बघा, गॅसला चांगले दर मिळाले म्हणून शेतकऱ्यांनी मैलोन्‌मैल मकाच लावला आणि शेवटी सरकारला २०१२ च्या कायद्यात नवीन प्लॅंटना मक्याचा वाटा ६० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही अशी मर्यादा घालावी लागली. आपण ऊसवाले आधीच पाण्याचं देणं लागतो. प्रेसमडला भाव आला म्हणून अजून ऊस लावा असं आपल्या कुणाच्याही तोंडनं निघता कामा नये.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. गॅस काढल्यावर मागं जे उरतं त्याचं.

आमच्या परड्यातल्या टाकीतनं जेवढं आत जातं त्याच्या जवळपास तेवढंच दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. गॅस म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन, एवढंच उडून जातं. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, झिंक, सगळं स्लरीत, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ काल्यात, राहतं, आणि नत्र तर पिकाला पटकन लागू होईल अशा रूपात येतं. ती स्लरी मी दारातल्या पपईला, शेवग्याला आणि दहा गुंठ्यांच्या वाफ्याला घालते. त्या दहा गुंठ्यांचा आणि बाकीच्या रानाचा माती परीक्षणाचा कागद माझ्याकडं आहे, वाफ्याचा सेंद्रिय कर्ब ०.९१ टक्के आणि वरच्या उसाच्या रानाचा ०.४२ टक्के. एकाच बांधाच्या दोन बाजू. उसाच्या रानातली माती ढेकळानं निघते, नांगर लावला की फरशीसारखे तुकडे, वाफ्यातली मुठीत दाबली की लाडू होतो आणि बोटानं टिचकी मारली की मोकळी.

म्हणजे गॅस घ्या आणि खत परत द्या, यात कुणाचंच नुकसान नाही. पण गॅस घेतला आणि खत तिसऱ्यालाच विकलं, किंवा लॅगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यात, साठवून पावसाळ्यात ओढ्याला सोडलं, तर ती आमच्या रानाची चोरी आहे, शब्द कडक आहे पण दुसरा सापडत नाही. आज प्रेसमड तशीच्या तशी रानात आली तर निदान येते तरी. डिस्टिलरीवाल्या कारखान्यांत तिच्यावर स्पेंटवॉश शिंपडून कंपोस्ट करतात, तेपण काहींना मिळतं. प्लॅंट झाल्यावर तेवढंही बंद होणार असेल तर मी प्लॅंटच्या विरोधात हात वर करीन.

केंद्र सरकारनं या खताला टनाला १५०० रुपये मदत द्यायचं २०२३ मध्ये, २०२५-२६ पर्यंतसाठी, मंजूर केलं, ती मदत खताच्या विक्रीवर ठरवली, म्हणजे विकायला कारखान्याला कारण दिलं. मग सभासदाला विका ना. उसाच्या टनेजच्या प्रमाणात, ज्यानं शंभर टन ऊस घातला त्याला त्याच्या वाट्याचं, आधी त्याला विचारून, त्यानं नको म्हटलं तरच बाहेर. वाहतुकीचं म्हणाल तर ऊस घेऊन गेलेला ट्रॅक्टर रिकामा परत येतो, रोज शेकडो ट्रॉल्या रिकाम्या खडखडत गावाकडं येतात, आम्ही दारात बसून बघतो. त्याच ट्रॉलीत खत घाला. डिझेलचा जादा खर्च जवळजवळ नाही. फक्त ओलं पातळ खत ट्रॉलीत बसत नाही, ते पिळून घट्ट करावं लागेल आणि पाणी वेगळं जवळच्या रानांना द्यावं लागेल, त्याची मशिनरी पहिल्याच अहवालात धरा, नंतर बघू म्हणू नका, नंतर कुणी बघत नाही. आणि प्रत्येक लॉटचा तपासणीचा कागद खताबरोबर द्या, नत्र किती, ओल किती, क्षार किती. क्षार जास्त असलेलं खत आमच्या खारवटलेल्या नदीकाठच्या रानांत कुणी आणून ओतू नये.

पैशाचं एक राहिलं. साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ साली सांगितलं की नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, किंवा साखरेबरोबर बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड धरून ७० टक्के, ऊसवाल्याचा वाटा. आपल्या राज्यानं २०१३ साली त्यावर कायदापण केला. पण त्या हिशेबात प्रेसमड ही प्रेसमड म्हणूनच मोजली जाते, चिखलाच्या भावानं. तिचा गॅस झाला, गाडीत भरला, खत झालं, तर ती वाढलेली किंमत कुठं दाखवणार? वेगळी कंपनी काढून तिकडं प्रेसमड नाममात्र दरानं द्यायची आणि नफा तिकडंच ठेवायचा, असं होऊ नये ही आम्हा सभासदांची मागणी आहे. प्लॅंटचं कर्ज फिटेपर्यंत आम्ही थांबू, आम्हीपण कर्जं काढतो, आम्हाला हप्ता कळतो. पण वार्षिक अहवालात प्रेसमड किती टन निघाली, किती गॅसला गेली, कुणाला कोणत्या दरानं विकली, गॅस किती किलो, खत किती टन आणि त्यातलं सभासदांना किती, याचं एक पान पाहिजे. आज बहुतेक अहवालांत प्रेसमड इतर उत्पन्नाच्या एका ओळीत दडलेली असते, चष्मा लावून शोधावी लागते.

गिऱ्हाइकाची काळजी आता कमी आहे. शहरात गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ पासून एक टक्का सीबीजी मिसळणं बंधनकारक केलंय, पुढं तीन, चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के. म्हणजे मागणी वाढणार. ऊसतोडीचे ट्रॅक्टर, कारखान्याच्या गाड्या, तालुक्याच्या एस्ट्या यांच्यापासनं सुरुवात झाली तर आमच्या उसाचा गॅस आमच्याच रस्त्यावर जळेल, ते मला फार आवडेल.

सगळ्या कारखान्यांनी एकदम मोठं करावं असं मी म्हणत नाही. ज्यांचं कर्ज डोक्याच्या वर आहे त्यांनी आधी ढीग झाकायला लागावं, ताडपत्रीला प्रकल्प अहवाल लागत नाही. जवळजवळचे दोन-तीन कारखाने मिळून एक प्लॅंट करता येतो का ते बघा, राजकारणात तुमचं एकमेकांशी पटत नसेल, पण प्रेसमडला पक्ष नसतो. आणि प्लॅंट चालवायला बाहेरचा कंत्राटदार ठेवलात तरी टाकीच्या पोटाकडं बघणारी दोन-चार पोरं-पोरी आपल्या सभासदांच्या घरातली घ्या, शिकवून तयार करा. माझ्यासारख्या बायका, ज्यांनी तीस-तीस वर्षं रोज सकाळी शेण कालवून टाकी सांभाळली, त्यांना ज्योतीचा रंग बघून कळतं की आत काय बिघडलंय.

यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत प्रेसमड, गॅस आणि खताचं वाटप हा वेगळा विषय घ्यावा, ऐनवेळच्या विषयात नको. मी आमच्या कारखान्याला तसं लेखी पत्र पोच घेऊन देणार आहे, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या सभासदांनीही आपापल्या कारखान्याला द्यावं. सभेला मी माझे माती परीक्षणाचे दोन्ही कागद आणि दोन डब्यांत दोन्हीकडची माती घेऊन येईन. स्टेजवर जागा नको, पण मंजूर म्हणायच्या आधी ते दोन डबे एकदा सगळ्या संचालकांच्या हातात फिरवा.

आपली नम्र,
कृष्णाकाठची एक ऊस उत्पादक सभासद